सव्वादोनशेचं तेल

उजव्या हाताच्या अंगठ्याला हळद लावून बसलोय, म्हणून टायपिंगच्या चुका माफ करा. अंगठ्याचा राग नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

एप्रिल लागला, नागपूर तापलं, अडगळीतून कूलर निघाला. पंखा फिरेना. मोटरचं बुश जाम. मोटर काढून मिस्त्रीकडे नेली की दीडशे रुपयांचं काम. पण मोटर काढायची म्हणजे चार नट खोलायचे, आणि चारही नट असे गंजलेले, की नट कुठे संपतो नि पट्टी कुठे सुरू होते हे पुरातत्त्व खात्यानंच सांगावं. १३ नंबरचा पाना लावला, दात-ओठ खाल्ले, पाना सटकला. हळद तिथली.

लोखंड गंजलं की फुगतं. लोखंडापेक्षा गंजाला जागा कितीतरी जास्त लागते, आणि नट-बोल्टच्या आट्यांमध्ये जागा असते केसाएवढी. मग गंज तिथे पाचर मारल्यासारखा बसतो. त्यातून आमचा कूलर चार महिने बोअरच्या जड पाण्याचे तुषार अंगावर घेतो आणि आठ महिने ओल्या ताट्यांसकट अडगळीत पडतो. ताट्या वाळवून ठेवायला हव्यात हे मला कळतं. दरवर्षी कळतं.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. म्हटलं, जाम नट खोलायचं तेल द्या. दुकानदारानं काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि तो जगप्रसिद्ध निळा-पिवळा डबा. मी डबा उचलणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला.

"काय खोलून राहिले?"

स्टुलावर एक काकाजी. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, मांडीवर पावशेर खिळ्यांची पुडी. खिळे घेऊन झाले होते. काकाजी उठले नव्हते.

"कूलरच्या मोटरचे नट."

"लोखंडी कूलर का प्लास्टिकचा?"

"लोखंडी."

"कोणत्या साली घेतला?"

"२०१४."

"मागच्या साली नट खोलले होते?"

"नाही."

"त्याच्या मागच्या साली?"

"नाही."

काकाजींनी दुकानदाराकडे पाहिलं. पेशंटला उशिरा आणल्यावर डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात, तसं.

"म्हणजे २०१४ पासून एक थेंब तेल नाही. अन् आता आले तेल घ्याले."

मी विषय बदलायला विचारलं, "तुम्ही काय वापरता?"

"रॉकेल. रात्री सोडाचं, सकाळी नट हातानं निघते."

"पण रॉकेल आता मिळतं कुठे?"

"नाही मिळत न जी. तेच तर म्हणून राहिलो."

यावर काय बोलणार? रेशनचं निळं रॉकेल मी रांगेत उभं राहून आणलेलं आहे, पाच लिटरच्या कॅनमध्ये, आणि कॅन हरवला म्हणून मारही खाल्लेला आहे. तेव्हा घरात एक नट जाम नव्हता. आता सगळंच जाम आहे आणि रॉकेल नाही.

"खोबरेल लावून पाह्यलं का?" काकाजी.

"नाही."

"लावू नका. माह्या साळ्यानं लावलं होतं. डिसेंबरात. गोठलं."

इथे मला शहाणपणा सुचला. निळा डबा उचलून म्हणालो, "काकाजी, हे डब्ल्यूडी-४०. १९५३ साली अमेरिकेत तयार झालं. अ‍ॅटलस रॉकेटच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. पाणी हटवणारं रसायन हवं होतं, चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं, म्हणून ४०."

काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रॉकेटचे नट खोलाचे होते का त्याइले?"

"नाही, पाणी हटवायचं होतं."

"मंग तुमच्या कूलरले पाणी लागून राह्यलं का आता?"

सगळ्यात वाईट हे, की माणूस बरोबर होता. पाणी हटवणं हेच त्या डब्याचं मूळ काम. किरकोळ जाम तो सोडवतो, पण हट्टी नटांसाठी ती कंपनीच वेगळं तेल विकते. असं तेल फार पातळ लागतं, दिव्याच्या वातीत चढतं तसं आट्यांमध्ये आपणहून शिरणारं. दुकानदारानं आतून तसला दुसरा एक डबा काढला, धूळ पुसली. सव्वादोनशे रुपये. मी दिले.

"पाहू बरं," म्हणत काकाजींनी डबा माझ्या हातातून घेतला.

मला वाटलं, किंमत वाचतील. ते उठले (हो, उठले!), बाहेर गेले, डब्याला चिकटवलेली लाल नळी सोडवून तोंडाला लावली आणि स्वतःच्या स्कूटरच्या स्टँडवर फवारा मारला. फुस्स. स्टँड खाली-वर केला. कुर्रर्र. पुन्हा फुस्स. कुर्र. तिसऱ्यांदा नुसतं कु. मग ब्रेकची दांडी. मग डिक्कीचं कुलूप. मी शेजारी उभा, पैसे भरलेला, आणि तोंडातून काय निघालं असेल? "इकडूनही मारा थोडं." संस्कार नावाची गोष्ट फार नुकसानीची आहे.

"चांगलं हाय तेल," काकाजींनी डबा परत दिला. हलका लागला. नळी नव्हती, हे घरी आल्यावर कळलं.

आणि नट पंख्याच्या पात्यामागे. नळीशिवाय मारलेलं तेल पात्यावर, भिंतीवर, चष्म्यावर, सगळीकडे पोचलं. डब्यावर लिहिलं होतं पंधरा मिनिटं थांबा. थांबलो. नट ढिम्म. हातोडीनं ठोकलं, पुन्हा तेल, रात्रभर तसंच ठेवलं. छत्तीस अंशांच्या रात्री टेबलफॅनखाली बायको म्हणाली, "नवा घेतला असता तर." मी झोपेचं सोंग घेतलं. सकाळी तीन नट निघाले, चौथ्याचा बोल्टच मोडला.

आता खरं सांगू? कूलर म्हणजे आयुष्यभर भिजायचं यंत्र. त्याला साधे लोखंडी नट लावणाऱ्याला काय म्हणावं? स्टीलचे लावले असते तर चार नटांमागे फार तर पन्नास रुपये वाढले असते. पण ते पन्नास त्याचे वाचले, आणि माझे सव्वादोनशे, एक अंगठा नि एक रात्र गेली. विकताना तो पत्र्यावर बोटानं टकटक वाजवून दाखवत होता. "गेज पाहा, गेज!" नट पाहा म्हणाला नाही.

आज स्टीलचे चार नट-बोल्ट आणायला त्याच दुकानात गेलो. बाहेर स्कूटर उभी. काकाजी स्टुलावर.

"निघाले का?"

"तीन निघाले. एक तुटला."

"रॉकेल म्हटलं होतं न मी," काकाजी म्हणाले, आणि डोळे मिटून पुन्हा कान कोरायला लागले. माझ्या लाल नळीनं.