पंपाचे फोटो पुरे झाले

अमेरिकेतल्या छोट्या गावातल्या जुन्या गॅरेजचा विषय निघाला की लोक पेट्रोल पंपाचे फोटो टाकतात. लाल रंग, डोक्यावर काचेचा गोळा. दिसतो झकास, नाही कोण म्हणतं? पण माझ्या मते या गोष्टीतला खरा माणूस लोहार आहे.

1888 साली मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्टा नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन जर्मनीत मोटारीने माहेरी निघाली. वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, वाटेत लोहाराकडून साखळी दुरुस्त करून घेतली, ब्रेकच्या ठोकळ्यांना चांभाराकडून कातडं ठोकवलं. म्हणजे गॅरेज होतंच की, तीन दुकानांत विखुरलेलं!

पुढे अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी आली. 1908 ते 1927 मध्ये दीड कोटी गाड्या. नाल ठोकणाऱ्या कित्येकांनी नट आवळायचे पाने हाती घेतले. 1913 मध्ये पिट्सबर्गला गल्फ या तेल कंपनीने गाडी थेट आत घेता येईल असं पेट्रोल स्टेशन काढलं, हवा-पाणी फुकट. पण गॅरेजवाल्याचं पोट भरायचं ते दुरुस्तीवर. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे इंजिनाला ठिणगी वाटून देणाऱ्या डबीचं, झाकण काढायचं, आतले वीज जोडणारे-तोडणारे जळालेले पॉइंट घासायचे, त्यांच्यामधल्या फटीत मापाचं पातळ पातं सरकवून बघायचं. पातं किंचित अडकत सरकलं की स्क्रू आवळायचा. हे काम ठरावीक मैलांनी परत यायचंच. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठिणगी पाडणं, आलं आणि पॉइंटच गेले.

हायवेने गावं बाजूला टाकली हे सगळे सांगतात, ते खरंही आहे. जमिनीखालच्या टाक्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. साध्या लोखंडाच्या टाक्या, वर्षानुवर्षं गंजत पडलेल्या. 1988 मध्ये अमेरिकेच्या सरकारने नियम केला: टाकी सुधारा, बदला नाहीतर बंद करा, मुदत डिसेंबर 1998. खर्च न झेपलेल्या बऱ्याच छोट्या मालकांनी पंप काढले. लोक अजून त्या नियमाच्या नावाने बोटं मोडतात. मला नाही पटत. पेट्रोल झिरपून पिण्याच्या पाण्यात उतरत असेल तर जुन्या पंपाचं कसलं कौतुक?

माझा राग आहे तो कुलूपबंद माहितीवर. 1996 पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारला कॉम्प्युटर जोडायचं ठरावीक सॉकेट आलं, पण बिघाडाची सगळी माहिती बाहेरच्या मेकॅनिकला मिळेलच असं नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी 2012 मध्ये कार कंपन्यांना ती द्यायला लावली. 2020 मध्ये गाडीतून वायरलेसने जाणाऱ्या माहितीसाठीही कौल दिला, तर कंपन्या थेट कोर्टात! गाडी विकून झाल्यावरही बोनेटवर हक्क सांगायचा, ही कुठली रीत?