लॅपटॉप जोडणे आहे

विद्यापीठात प्रवेश घेणं त्या मानाने सोपं. मार्कलिस्ट, रहिवासी दाखला, दोन फोटो, झालं. खरी छाननी असते ती विद्यापीठाच्या वायफायमध्ये शिरताना. आमच्या वाळपईच्या घरी एकच पासवर्ड, तो अख्ख्या वाड्याला पाठ. इथे मात्र ज्याचं त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि वर लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याच्या वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक, अर्जावर लिहून द्यायचा.

मॅक अ‍ॅड्रेस बारा घरांचा. त्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं. खिडकीतल्या काकांनी माझा अर्ज आधी चष्म्यातून पाहिला, मग चष्म्यावरून.

"हे शून्य की ओ?"

"काका, यात ओ नसतोच."

"मग डी?"

"शून्य."

"मग शून्यासारखं काढ बाबा!"

मी शून्य गिरवलं. त्यांना ते आता आठ वाटायला लागलं.

अर्ज एकदाचा मंजूर झाला आणि लॅपटॉपने उलटतपासणी सुरू केली. ईएपीची, म्हणजे ओळख पटवण्याची, पद्धत कोणती? पीईएपी. आतली पद्धत? एमएसचॅप. ओळख सांगा. सांगितली. आता निनावी ओळख सांगा! म्हणजे दारात सगळ्यांदेखत सांगायचं नाव निराळं आणि खरं नाव आत गेल्यावर, बंद बोगद्यातून. सोय चांगली आहे, पण मला तर दारातूनच परत पाठवत होते. पासवर्डची पेटी पुन्हा पुन्हा उघडायची. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, तरी पेटी हजर.

"सर्टिफिकेट तपासू नको म्हण मरे, लागतं," पेडण्याच्या मित्राने सल्ला दिला. सगळे हाच सल्ला देतात. पण सर्टिफिकेट म्हणजे हे वायफाय खरंच विद्यापीठाचं असल्याचा दाखला. तो बघितलाच नाही तर उद्या कँटीनमध्ये कुणीही त्याच नावाचं खोटं वायफाय थाटावं आणि भाजी-पाव खाता खाता आमचे पासवर्ड गोळा करावेत.

घोळ होता तारखेचा. लॅपटॉप चुलतभावाचा, जुना. आतलं घड्याळ चालवणारा नाण्याएवढा सेल मेलेला. घरी वीज गेली, बॅटरी उतरली की स्वारी थेट २०१५ सालात. विद्यापीठाचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नव्हतं, मग तो विश्वास कसा ठेवणार? बरं, तारीख आपोआप सुधारायची तर नेट हवं. आणि नेट हवं तर तारीख सुधारायला हवी. शेवटी काकांच्या मागे टांगलेल्या कालनिर्णयवर बघून तारीख हाताने घातली.

लागलं! चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे दोनच दांड्या दिसत होत्या, पण लागलं. लॅपटॉपने लगेच इतक्या वर्षांचे साठलेले अपडेट्स ओढायला घेतले. मला एक पानसुद्धा उघडू देईना.

"काका, तोवर मोबाइल जोडू का?"

"त्याला वेगळा अर्ज. आणि मोबाइल जिथे जातो तिथे नवा मॅक अ‍ॅड्रेस सांगतो, ते आधी बंद करून ये."