मोठ्यांनाही होतो हा आजार
'आतड्यात आतडं शिरणं हा लहान मुलांचा आजार' हे तुमच्या या आजारावरच्या लेखातलं वाक्य अपुरं आहे. एकूण रुग्णांत मोठ्यांचं प्रमाण साधारण ५ टक्केच, पण त्यांच्यात बहुतेकदा आत गाठ असते. आमच्या थोरल्या दादांना गुऱ्हाळाच्या हंगामात पोटात कळ यायची, तासाभरात थांबायची. सहा महिने पित्ताच्या गोळ्याच खाल्ल्या! शेवटी उलट्या थांबेनात म्हणून कोल्हापुरात सीटी स्कॅन केला. गोलात गोल दिसावा तसं आतड्यात आतडं, आणि टोकाला चरबीची गाठ. तेवढा भाग कापून आतडं जोडलं. तपासणीत गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता.

कळ आपोआप जाते म्हणूनच घरचे निर्धास्त राहतात, हे लिहायला हवं होतं. आतडं अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं. रक्तपुरवठा तुटला तर मात्र वेळ हातात राहत नाही.