चुळेचं काम चुळेकडे, ब्रशचं ब्रशकडे

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पेरूची कोवळी पानं आणि तीन-चार लवंगा पाण्यात उकळून, गाळून, त्यात मीठ घालून चुळा भराव्यात, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. याला शास्त्रीय आधार नाही, हा पहिला. असं वाचून लोक घरीच उपाय करत बसतात आणि दाढ पोखरल्यावर डेंटिस्टकडे पोचतात, हा दुसरा. आणि सिद्ध झालेला माउथवॉश दुकानात मिळत असताना हा खटाटोप कशाला, हा तिसरा. शेवटी तुम्ही लहान मुलांबद्दलही विचारलं आहे.

दुसरा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून आधी तोच घेते. किडलेली दाढ चुळेने बरी होत नाही, घरच्याही नाही आणि दुकानातल्याही नाही. प्लाक म्हणजे जिवाणूंचा दातांना घट्ट चिकटलेला थर. कढईच्या तळाला करपलेलं जसं नुसतं पाणी फिरवून निघत नाही, तसाच तोही घासल्याशिवाय निघत नाही. त्याचं कडक कीटण झालं की ब्रशचाही उपयोग नसतो, स्केलिंगच, म्हणजे दवाखान्यात ते खरवडून काढून घ्यावं लागतं. लवंगेच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायला हवं. तिच्यातलं युजेनॉल तेवढी जागा बधिर करतं. ठणका थांबतो, माणसाला वाटतं दाढ बरी झाली, आणि आत कीड चालूच राहते. म्हणून दाढ ठणकत असेल, हिरडी सुजली असेल किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर सरळ डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे गावोगावी अजून मिशरी लावली जाते. ती भाजलेली तंबाखूच आहे. मिशरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर काढा उकळण्यात एक दिवसही घालवू नका.

पण शास्त्रीय आधार नाही, हे मला मान्य नाही. दाढ काढल्यावर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला डेंटिस्टच सांगतात. पहिले 24 तास तेवढे सोडायचे, नाहीतर जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निघून येते. किमोथेरपीने तोंड आलेल्या रुग्णांनाही मीठ आणि खायच्या सोड्याच्या पाण्याच्या चुळा सांगतात. शरीरातल्या द्रवांचा खारटपणा साधारण 0.9 टक्के मिठाएवढा असतो. पेलाभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घातलं की आपण त्याच्या आसपास येतो, म्हणून हुळहुळ्या हिरडीलाही ते फारसं झोंबत नाही. युजेनॉल तर दवाखान्यातही असतं. झिंक ऑक्साइडबरोबर कालवून त्याची तात्पुरती फिलिंग करतात. पेरूच्या पानांबद्दल मी दावा छोटाच ठेवते: ती तुरट असतात, त्यांनी हिरड्या आवळल्यासारख्या होतात आणि तोंडाला बरं वाटतं.

आता दुकानातला माउथवॉश. त्यातल्या 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने प्लाक कमी होतो, हे निर्विवाद आहे. माझा काढा त्याच्या जवळपासही जात नाही. पण ते फार दिवस वापरलं तर दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. म्हणून डॉक्टर ते बहुधा मोजक्या दिवसांसाठीच लिहून देतात. ज्यांचं तोंड कोरडं पडतं, विशेषतः औषधं चालू असलेल्या वयस्कर मंडळींचं, त्यांना अल्कोहोल असलेला माउथवॉश झोंबतो. जेवणानंतर रोज चूळ भरायची, तर त्यांना मिठाचं पाणी सोसतं, स्वस्त पडतं आणि घरात असतंच.

काढ्यात फ्लोराइड, म्हणजे दातांना किडीपासून वाचवणारा घटक, कुठे आहे, हा तुमचा आणखी एक मुद्दा रास्त आहे. काढ्यातून दातांना पुरेसं फ्लोराइड मिळत नाही. ते टूथपेस्टमधूनच मिळवायचं, दिवसातून दोनदा. म्हणूनच ही चूळ ब्रश केल्यावर लगेच भरायची नाही, दुपारच्या जेवणानंतर भरायची. ब्रशनंतर फेस थुंकून टाकावा. लगेच खळखळून चुळा भरल्या तर दातांवर राहायला हवं ते फ्लोराइड वाहून जातं. आणि काढा त्याच दिवशी संपवा. त्यात टिकवणारं काही नसतं.

तुमच्या प्रतिक्रियेखाली दोघातिघांनी लिंबू पिळायला सुचवलं आहे. कृपा करून पिळू नका. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त. साधारण 5.5 च्या खाली पीएच गेला की दाताचं इनॅमल विरघळायला लागतं, आणि लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 असतो. दात पांढरे करायच्या नादात वरचं कवचच जाईल.

हे सगळं परंपरेच्या विरुद्ध आहे असंही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दात घासणं, जीभ खरवडणं आणि तेलाचा गंडूष, म्हणजे तोंडात तेल भरून धरणं, ही कामं वेगवेगळी सांगितली आहेत. एकाने दुसऱ्याची सुट्टी होत नाही. तोंडाच्या वासाचं एक मोठं कारण जिभेच्या मागच्या भागावरचा थर असतो. तिथे जीभ खरवडणीच लागते.

राहिला मुलांचा प्रश्न. सहा वर्षांखालच्या मुलांना हा काढा देऊ नका, दुकानातला माउथवॉशही नको. त्यांना नीट थुंकता येत नाही, ती गिळतात. लवंगेचं तेल आणि कापूर त्यांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. दोन्ही पोटात गेले तर मुलांना विषबाधा होते, आणि कापराने झटके येतात. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत मटाराच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, ब्रश मोठ्यांनी हातात धरून, आणि खाल्ल्यावर साधं पाणी. एवढं पुरे.