ट्रिगरफिशला वळण लावता येत नाही

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. ट्रिगर (म्हणजे ट्रिगरफिश, दणकट जबड्याचा समुद्री मासा) लहान असतानाच आणा, बाकीच्या माशांबरोबर वाढवा, पोटभर खायला घाला, टँक मोठा ठेवा. मग तो कुणाच्या वाटेला जात नाही. सोबत दोन-तीन इंचांचा क्लाउन ट्रिगर क्लाउनफिशच्या शेजारून निवांत फिरतानाचा व्हिडिओ असतोच. पुढे कुणाच्या टँकमध्ये शेपट्या कुरतडल्या गेल्या, की त्यालाच ऐकवलं जातं: तुमचंच काहीतरी चुकलं असणार. या सल्ल्याचे तुकडे वेगळे करून बघायला हवेत. त्यात थोडं खरंही आहे आणि घोळ तिथेच होतो.

पहिला तुकडा, लहानपणापासूनची सोबत. क्लाउन ट्रिगरचं पिल्लू गरीब वाटतं, कारण ते घाबरलेलं असतं. समुद्रात ही पिल्लं साधारण 20 मीटरच्या खाली, गुहा-कपारींच्या आडोशाने राहतात. त्या वयात त्यांना कुणीही गिळू शकतं. हाच मासा पुढे 50 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि एकटा राहतो. अंग वाढतं तसा तो बिनधास्त होतो. शेजारचा क्लाउनफिश मात्र बोटाएवढाच राहिलेला असतो. काल ज्याच्यापासून लपायचं होतं त्याला आज हाकलता येतं, आणि ओळखीपाळखीचा इथे काही संबंध नसतो. तो व्हिडिओ खोटा नसतो, फक्त फार लवकर काढलेला असतो.

दुसरा तुकडा सगळ्यांत जास्त पटणारा: भरल्या पोटी कोण कशाला चावेल? दिवसातून दोन-तीनदा खायला घातलं, कवचासकट कोळंबी आणि शिंपले दिले, तर चावाचावी कमी होते हे मान्य. पण ती थांबत नाही, कारण प्रत्येक चाव्यामागे भूक नसते. ट्रिगरचं तोंड बघा. जबडे आखूड आणि दणकट, प्रत्येक जबड्यात बाहेरच्या ओळीत आठ धारदार दात. डोळे तोंडापासून लांब, पार वर सरकलेले, म्हणजे समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा प्राणी) फोडताना काटे डोळ्यांत जात नाहीत. क्वीन ट्रिगर तर तोंडाने पाण्याचा झोत मारून अर्चिन उलटा करतो आणि खालच्या कमी काट्यांच्या बाजूने त्याला खातो. ज्याचं आयुष्य असं उलटंपालटं करण्यात आणि फोडण्यात जातं, तो समोर आलेली प्रत्येक वस्तू तोंडाने तपासणारच. टँकमधले खडे तो उचलून टाकतो, गोगलगायी फोडतो, हीटरची वायर चावून बघतो. वायर चावणारा मासा भुकेला होता असं कोण म्हणेल? (हीटर संपमध्ये, म्हणजे मुख्य टँकला जोडलेल्या वेगळ्या टाकीत, ठेवलेला बरा.)

शिवाय हद्दीचा प्रश्न वेगळाच. टायटन ट्रिगर हा सुमारे 75 सेंटीमीटरचा मासा. घरात ठेवायचा नव्हेच, पण कुळाचा स्वभाव त्याच्यात स्पष्ट दिसतो. वाळूतल्या खड्ड्यात अंडी असली की तो आपल्याहून कितीतरी मोठ्या पाणबुड्यावर धावून जातो. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या बाजूला पसरत जाते, म्हणून पाणबुड्यांना सांगतात की वर जाऊ नका, आडवे पोहत दूर जा. तो पाणबुड्याला खायला निघालेला नसतो. टँकमधला चावाही बऱ्याचदा याच जातीचा असतो: ‘निघ इथून’. समुद्रात समोरचा निघून जातो. टँकमध्ये जाणार कुठे?

म्हणूनच तिसरा तुकडा, ‘मोठा टँक घ्या’, अर्धाच खरा आहे. मोठ्या टँकमुळे पळायला जागा मिळते. पण हजार लिटरचा टँक म्हणजेसुद्धा जेमतेम दोन मीटर लांबी. पुरता वाढलेला ट्रिगर एवढी सगळी जागा आपली समजू शकतो.

या सल्ल्याला हल्ली एक शेपूटही जोडलेलं दिसतं, की लायनफिशला विषारी काटे असतात, म्हणून ट्रिगर त्याला घाबरून असतो. काटे पाठीवर आणि पोटाकडे असतात. बाजूचे पंख्यासारखे लांब पर विषारी नसतात, आणि कुरतडले जातात ते नेमके तेच. त्यात लायनफिश दिवसभर एका जागी लटकून राहणारा. याहून सोपं गिऱ्हाईक ट्रिगरला मिळणार नाही.

मग ट्रिगर ठेवायचाच नाही का? ठेवा की. पण कसा वाढवायचा याआधी कोणता घ्यायचा ते ठरवा. प्रवाळभित्तीच्या वर, उघड्या पाण्यात प्लवक (तरंगणारे बारीक जीव) टिपून खाणारे ब्लूथ्रोट आणि क्रॉसहॅच हे या कुळातले त्यातल्या त्यात सज्जन. ब्लूथ्रोटची नर-मादी जोडीही ठेवता येते. नायजरही प्लवकावर जगतो, पण मोठा होतो, आणि छोट्या माशांबरोबर त्याची खात्री देता येत नाही. पिकासो ट्रिगर स्वभावाने या दोन टोकांच्या मधला. क्लाउन, क्वीन आणि अन्ड्युलेटेड यांना मात्र एकटंच ठेवायची तयारी हवी. त्यातही अन्ड्युलेटेड जेमतेम 30 सेंटीमीटरचा असून सगळ्यांत खुनशी. सोबतीला मोरे ईल, ग्रूपर, मोठे एंजलफिश, फॉक्सफेस अशी दांडगी मंडळी बघा. फायरफिश, गोबी, समुद्री घोडे यांचा विचारही नको. झिंगे आणि खेकडे गेले असंच धरून चाला. ब्लूथ्रोटबरोबर आधीपासून असलेला क्लीनर श्रिंप टिकतो कधीकधी.

ट्रिगर टँकमध्ये सगळ्यांत शेवटी सोडायचा. आधी क्वारंटाइन, मग काही दिवस जाळीच्या डब्यात किंवा आडोशामागे. त्यानंतर रोज दिवे लागल्यावर इतरांच्या शेपट्या बघत जा. आजाराने झिजलेली कड फाटकी, पांढुरकी दिसते. ट्रिगरचा चावा कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ असतो. मार खाल्लेला मासा पंपामागे किंवा वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि खायला घातलं तरी बाहेर येत नाही. असं दिसलं की जखमी मासा काढून भागत नाही, कारण ट्रिगर मग पुढच्याकडे वळतो. काढायचा तो ट्रिगरलाच.

त्यासाठी जाळं वापरू नका. त्याच्या पाठीवरचा पहिला काटा उभा राहिला की मागचा छोटा काटा त्याला अडसर घालतो आणि सगळं जाळ्यात गुंतून बसतं. प्लास्टिकचा डबा घ्या. तो कपारीत घुसून काटा लावून बसला तर ओढू नका. दगड त्याच्यासकट पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा आणि सैल होऊन आपणहून बाहेर येईपर्यंत थांबा. आणि हात घालायचा तर बोटं सांभाळून.