ससा त्रास देत नाही, म्हणे

दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. कुठल्यातरी पार्किंगमधून नाहीतर बंद पडलेल्या दुकानातून दहा-बारा ससे सोडवून आणलेले असतात, त्यांना घरं हवी असतात, आणि कुणीतरी मदत म्हणून फोटोंखाली हा मजकूर चिकटवतं: ससा हा फ्लॅटसाठी सगळ्यात सोपा प्राणी. आयुष्य दोन-तीन वर्षांचं. गाजर-कोबी टाकला की झालं. भुंकत नाही, त्रास देत नाही. पिंजरा बाल्कनीत मावतो. जोडी घ्या, म्हणजे त्यांना करमेल. नाहीच जमलं तर परत द्या, नाहीतर मोकळ्या रानात सोडा. मग फॉस्टर करायला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, हरकत काय?

हेतू चांगला असतो, म्हणून इतके दिवस काही बोलले नाही. पण हे वाचून ‘हो’ म्हणालेल्या घरांतून महिन्याभरात परत आलेले ससे मीच उतरवून घेतलेत. तेव्हा एकेक मुद्दा घेते.

आधी आयुष्याचं, कारण बाकीचा हिशेब त्यावरच बसतो. घरात नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या ओळखीतले ससे दोन-तीन वर्षांत गेले असतील, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. का गेले ते पुढे येईलच. ‘मुलीला हवाय’ म्हणून विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की पहिलीतली मुलगी दहावीला बसेल तेव्हाही हा ससा घरात असू शकतो.

आता गाजर. गाजर ही सशाची मिठाई आहे, जेवण नव्हे. त्यात साखर फार. गाजराचा पाला त्यापेक्षा कितीतरी चांगला, आणि तो भाजीवाला बरेचदा फुकट देतो. मुळ्याचा पाला, कोथिंबीर, पुदिना हेही चालतं. कोबीने मात्र पोट फुगू शकतं. पण हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. ताटातला ऐंशी टक्के भाग सुक्या गवताचा हवा, आणि ते चोवीस तास समोर हवं. सशाचे दात जन्मभर वाढतात. लांब, चरबरीत गवत दाढांखाली आडवं रगडलं गेलं तरच ते झिजतात. नाहीतर दाढांना टोकं येतात, ती जिभेत नि गालात रुततात आणि ससा खाणं सोडतो. आतडंही त्याच चोथ्यावर चालतं. बाहेरून येणारं टिमोथी गवत महाग पडतं. आपली हरळी, म्हणजे दूर्वाच, सावलीत वाळवून छान चालते. फक्त ती फवारणी केलेल्या लॉनवरची किंवा कुत्री फिरतात त्या कडेची नको. लसूणघास सहज मिळतो खरा, पण तो पिल्लांसाठी. मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमचा मूत्राशयात गाळ साचतो.

याचा घराच्या तयारीशी काय संबंध? आमच्या पहिल्या सशाला सासूबाई तूप लावलेल्या पोळीचा तुकडा द्यायच्या. अतिशय प्रेमाने, आणि मी ऑफिसला गेल्यावर. शेजारचा मुलगा ग्रिलमधून बिस्कीट सरकवायचा. ससा आणायचा निर्णय एकट्याचा असला, तरी त्याच्या पोटात काय जातं हे सगळं घर ठरवतं. म्हणून आधी घरातल्या सगळ्यांना बसवून विचारावं लागतं, आणि ज्यांना ‘एका तुकड्याने काय होतंय’ असं वाटतं त्यांना जरा जास्त वेळ बसवावं लागतं.

“भुंकत नाही, त्रास देत नाही.” हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. ससा हे शिकार होणारं जनावर. दुखतंय हे दिसलं की आपण आधी उचलले जाऊ, हे त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे तो दुखणं अंगावर काढतो. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडतं. ससा कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसतो, फार तर दात कराकरा खातो. त्याला उलटी करता येत नाही. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही की आतड्याची हालचाल थंडावते, वायू धरतो, आणि तिथून पुढे वेळ फार थोडा असतो.

हे कळायची पहिली जागा म्हणजे त्याचा शी-शूचा ट्रे. लेंड्या बारीक झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या किंवा बंद झाल्या, की समजायचं. माझ्या पहिल्या वर्षी एका रविवारी घरात पाहुणे होते. ससा दिवसभर कपाटाखाली बसून राहिला. म्हटलं, गर्दीला बुजला असेल. सोमवारी सकाळी ट्रे स्वच्छ कोरडा होता आणि मी खूश झाले, की चला, आजची साफसफाई वाचली. दुपारपर्यंत तो गेला होता. तेव्हापासून चहाच्या आधी मी ट्रे बघते, आणि मी गावाला गेले की नवरा बघतो. (रात्री द्राक्षाच्या घडासारखा मऊ गोळा पडतो, तो ससा स्वतःच खातो. तो आजार नाही, किळस करू नये.)

मग डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली झालेत, सशाचे जाणकार मुंबई-पुण्यातही शोधावे लागतात. तालुक्याच्या गावी तर प्रवासाचीच तयारी हवी. हा शोध ससा घरात यायच्या आधी घ्यायचा. मी फोनवर एकच प्रश्न विचारते: ऑपरेशनच्या आधी किती तास उपाशी ठेवायचं? ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं उत्तर आलं की आभार मानून फोन ठेवते, कारण सशाला तसं उपाशी ठेवत नाहीत. आणखी दोन गोष्टी घरात प्रत्येकाला पाठ हव्यात. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मारून त्यालाच मारू शकतं. आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर सोडतात ते फिप्रोनिल सशाला अजिबात नाही.

बाल्कनीचं थोडक्यात सांगते. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून टाकतो. पारा तिशीकडे सरकला की त्याला त्रास सुरू होतो. पुण्याचा एप्रिल चाळिशीला टेकतो, नागपूरबद्दल तर बोलायलाच नको. वर कावळे, बोके आणि दिवाळीतले फटाके. नुसत्या भीतीनेही ससा मरतो. पिंजऱ्याच्या जाळीच्या तळावर त्याचे तळवे सोलवटतात, कारण त्याच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. त्याला घराच्या आत कोपरा हवा, रोज काही तास मोकळं फिरणं हवं, आणि गुळगुळीत फरशीवर एखादी जुनी सतरंजी. चार्जरच्या वायरी उचलून ठेवा. ठेवल्या नाहीत तर तो शिकवेल.

जोडीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. सशाला सोबत लागतेच. पण लहान सशात नर-मादी ओळखताना भलेभले चुकतात. माझ्याकडे ‘दोघी बहिणी’ म्हणून आलेल्यांपैकी एक जण महिन्याभरात छातीवरचे केस उपटून तोंडात गवत गोळा करायला लागली. सहा पिल्लं झाली. गर्भ जेमतेम ३१ दिवसांचा असतो, आणि व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे नसबंदी आधी, जोडी मग. नराची नसबंदी झाल्यावरही काही आठवडे त्याला वेगळं ठेवावं लागतं. मादीची तर तिच्या स्वतःसाठीच करायची, कारण वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग सशांत फार आढळतो. आणि दोन अनोळखी ससे एका पिंजऱ्यात टाकले तर त्यांना करमत बिरमत नाही. ते एकमेकांना फाडतात. ओळख जमवायला आठवडे जातात.

“मोकळ्या रानात सोडा.” इथे आपल्या भाषेनेच घोळ केलाय. शेतात दिसतो तोही ससा आणि दुकानातला पांढराही ससाच. प्रत्यक्षात दोघांची जातकुळी वेगळी. आपला रानससा उघड्यावर राहतो, त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊनच जन्मतात. तो वन्यजीव आहे, १९७२च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, घरात ठेवता येत नाही. पाळीव ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशापासून आलेला. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी. असा पांढराशुभ्र ससा माळावर सोडणं म्हणजे कोल्ह्याला, नाहीतर गावातल्या कुत्र्यांना ताट वाढणं. यावर कुणीतरी हमखास ऑस्ट्रेलिया काढतं, की तिथे सोडलेले ससे जगले आणि देशभर पसरलेच ना. पाळीव ससे तिथे १७८८पासून होते, पण मुख्य भूमीवर असे पसरले नव्हते. उच्छाद झाला तो १८५९मध्ये इंग्लंडहून २४ ससे आणून शिकारीसाठी सोडल्यावर, आणि त्यांत रानटी रक्त होतं. शिवाय कारण नसताना पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे.

राहिलं ‘परत द्या’. कुणाला? ज्यांनी सोडवून आणले त्यांच्या दोन खोल्यांत आधीच पंधरा ससे असतात. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी त्यांची गत. कुत्र्याच्या पिल्लाला घर लवकर मिळतं. एक डोळा गेलेल्या किंवा दात वाकडे आलेल्या सशाला दोन आठवड्यांत मिळेल, नाहीतर कधीच मिळणार नाही. म्हणून फॉस्टरसाठी कुणी फोन केला की मी जागा, पगार, प्राण्यांची आवड यातलं काहीच आधी विचारत नाही. गणपतीत गावाला जाता का, आणि तेव्हा ट्रे कोण बघणार, हे विचारते.

आमच्याकडे आत्ता आहे तो दोन आठवड्यांसाठी आला होता. चार वर्षं झाली. पोळीचा डबा उघडला की अजून सासूबाईंच्या पायाशी जाऊन उभा राहतो; त्या आता कोथिंबिरीची काडी देतात.