तुरटीने पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत

गढूळ पाणी पिण्याजोगं करण्यावरच्या एका लेखात 'तुरटी फिरवा आणि प्या' लिहिलंय, ते अर्धवट आहे. तुरटीने गाळ बसतो, पण पाण्यात जंतू राहतातच. २०१९ च्या महापुरात सांगलीला आम्ही हेच केलं. पाणी काचेसारखं दिसलं म्हणून प्यालो, घरात तिघं आडवे!

तेव्हापासून आई निवळलेलं पाणी चौपदरी सुती कापडातून गाळते आणि खळखळ उकळी फुटल्यावरही मिनिटभर आच बंद करू देत नाही. गॅस संपला तर क्लोरीनची गोळी. किती लिटरला किती, ते पाकिटावरच बघायचं, मग अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळी टाकू नका, क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. आणि हो, वासाला नाक मुरडू नका, हलका वास यायलाच हवा.